लेस्मोच्या वळणावर

गुरुवार, ८ सप्टेंबर २०२२

"मामा, आपल्याकडे गवताचं तिकीट आहे," विमानतळावरून मिलानला जाताना सईने सांगितलं. तिकीट मोंझाच्या फॉर्म्युला वन मोटार शर्यतीचं. इटालियनमध्ये 'प्रातो' म्हणजे गवत. खुर्ची नाही, नंबर नाही, डोक्यावर छप्पर नाही. झाडीत जागा सापडेल तिथे चादर टाकायची. माझी काहीच तक्रार नव्हती. मी मंचरकडचा माणूस, लहानपणापासून घाटाच्या कडेला दगडावर बसून बैलगाड्यांच्या बाऱ्या पाहिलेला. बसायला गवत म्हणजे चैनच.

सई माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी, मिलानच्या पोलिटेक्निकोत मेकॅनिकल शिकते. मी चाकणला एका कारखान्यात क्वालिटीला आहे. गिअर तपासतो. बावीस वर्षं झाली दाते मोजतोय. फॉर्म्युला वनचं खूळ २००५ सालचं, आपला नारायण कार्तिकेयन जॉर्डन संघाच्या पिवळ्या गाडीत बसला तेव्हापासूनचं. २०११ ला ग्रेटर नोएडाची पहिली शर्यत पाहून आलो होतो. ती तीन वर्षं चालली, तिन्ही वेळा व्हेटेल हा एकच ड्रायव्हर जिंकला आणि २०१३ नंतर बंद पडली. पुढच्या वर्षी होईल, त्याच्या पुढच्या वर्षी होईल असं म्हणत माझे केस पांढरे झाले. शेवटी सईच म्हणाली, "तिकडे वाट बघत बसू नकोस, इकडे ये. यंदा मोंझाच्या ट्रॅकला शंभर वर्षं होतायत."

दुपारी मोंझा गावात एक चक्कर मारली. इथल्या कॅथेड्रलमध्ये लोंबार्डीचा 'लोखंडी मुकुट' ठेवलाय. दिसायला सगळं सोनं आणि खडे. ख्रिस्ताच्या क्रुसाचा खिळा ठोकून आतली पट्टी केली, अशी श्रद्धा. नेपोलियनने १८०५ मध्ये हाच मुकुट स्वतःच्या हाताने डोक्यावर चढवला. गावभर लाल-पिवळे झेंडे, चपलांच्या दुकानातसुद्धा फेरारीच्या घोड्याचं चित्र. संध्याकाळी सईच्या खोलीवर जेवताना बातमी आली, इंग्लंडची राणी गेली. सईच्या रूममेटने टीव्हीचा आवाज वाढवला. मला विमानाची झोप आली होती, मी पिठलं तसंच टाकून आडवा झालो.

शुक्रवार, ९ सप्टेंबर

सकाळच्या गाडीने बियासोनो-लेस्मो. स्टेशन छोटं, आपल्या तळेगावपेक्षाही छोटं, आणि गाडीतून उतरलेले लोक पंढरपूरच्या गाडीतून उतरावेत तितके. रस्ता कुणाला विचारावाच लागला नाही, गर्दीने उचलून नेलं.

हा ट्रॅक एका राजेशाही बागेच्या आत आहे, हे टीव्हीवर कधी कळलंच नव्हतं. बागेला भिंत, आत ओक आणि हॉर्नबीमची जुनी झाडं, पायवाटा, शेवाळाचा वास. १९२२ साली साडेतीन हजार कामगारांनी ११० दिवसांत या बागेत ट्रॅक बांधला. चाकणला एक उड्डाणपूल होईपर्यंत माझी दोन प्रमोशनं झाली, म्हणून हा आकडा मनात जास्त बसला.

जागा लेस्मोला घेतली. लेस्मो म्हणजे लागोपाठची दोन उजवी वळणं, झाडीच्या कुशीत. शेजारी एक सत्तरीचे आजोबा ॲल्युमिनियमची घडीची शिडी उघडून वरच्या पायरीवर बसलेले. डोक्यावर उन्हाने गुलाबी झालेली, कधीकाळी लाल असलेली टोपी. त्यांना इंग्रजी येत नाही, मला इटालियन येत नाही. सई मध्ये दुभाषी. लहान असताना वडिलांच्या खांद्यावर बसून ते इथे आले, आणि वडील गेले त्या वर्षी सोडलं तर एकदाही चुकवलं नाही. आमच्याकडे आळंदीला जाणारे असंच सांगतात.

पहिल्या सरावाआधी राणीसाठी एक मिनिट शांतता झाली. भोंग्यावरची बडबड थांबली, झाडीत नुसते पक्षी. मग गाड्या सुटल्या.

आता खरं सांगायचं तर पहिल्या दहा मिनिटांत माझी निराशा झाली. नोएडाला व्ही-एट इंजिनं होती, अठरा हजार आरपीएमची. कानात बोळे घालूनही छातीत आवाज घुसायचा. हे टर्बो हायब्रिड त्यामानाने गुरगुरतात. आणि दिसतं काय? डावीकडून झाडांमागून एक रंग येतो, समोरून जातो, उजवीकडे नाहीसा होतो. सगळं मिळून तीन-चार सेकंद. एकदा मान फिरवली की संपलं. टीव्हीवर गाडीचा नंबर दिसतो, वेळ दिसतो, ड्रायव्हरचं बोलणं ऐकू येतं. इथे निम्मा पडदा झाडांमागे, उरलेल्या निम्म्यावर ऊन.

पण अर्ध्या तासाने डोळ्यांना वळण पडलं. तेच वळण, त्याच वीस गाड्या, पुन्हा पुन्हा. आमच्या लाइनवरून एकामागून एक जॉब येत राहिले की न मोजताही कुठला बिघडलाय ते कळतं, तसं व्हायला लागलं. कोण वळणात आधी शिरतो, कोण आतल्या कर्बवर, म्हणजे कडेच्या उंचवट्यावर, अख्खं चाक चढवतो, कुणाच्या गाडीचं मागचं टोक बाहेर पडताना हलकं सरकतं. मोंझाला सरळ रस्ते लांब, त्यामुळे वेग मिळावा म्हणून सगळे पंख बारीक करून आणतात. पंख बारीक म्हणजे वळणात गाडीला जमिनीवर दाबणारं बळ कमी. टीव्हीवर रुळावरून गेल्यासारखी दिसणारी गाडी इथे अंग चोरत, थरथरत जाते.

आणि गिअर ऐकू येतात! हे मला सगळ्यात आवडलं. वळणाआधी ब्रेक लागला की ठक-ठक-ठक असे खाली उतरणारे गिअर. प्रत्येक ठक सुटा, स्वच्छ, मध्ये कुठे खरखर नाही. मी डोळे मिटून ऐकत बसलो. सई म्हणाली, "मामा, तू शर्यत बघायला आलायस का इन्स्पेक्शनला?"

पहिल्या सरावात लक्लेर पुढे, दुसऱ्यात साइन्झ. दोन्ही फेरारीच. आजोबांनी शिडीवरूनच सलामीचं, म्हणजे मांसाच्या चकत्यांचं पाकीट खाली सरकवलं. आम्ही दोघं शाकाहारी म्हटल्यावर त्यांचा चेहरा असा पडला की मी घाईघाईने पिशवीतली भाजणीची चकली काढली. त्यांनी ती आधी उलटसुलट करून पाहिली, मग खाल्ली, मग दोन बोटं वर केली. म्हणजे अजून दोन.

शनिवार, १० सप्टेंबर

सकाळी गाडीत चर्चा एकच. विल्यम्स संघाच्या अल्बनला अपेंडिक्सचा त्रास, त्याच्या जागी निक डी व्ह्रीस. हा माणूस काल सरावात ॲस्टन मार्टिन संघाची गाडी चालवत होता! काल एका कंपनीत, आज दुसऱ्या, आणि उद्या शर्यत. आमच्याकडे बदली कामगाराला मशीन दाखवायलाच एक शिफ्ट जाते.

मधल्या वेळात जुना ट्रॅक बघायला गेलो. एकेकाळी इथे साध्या रस्त्याला जोडून उतरत्या भिंतीसारखी दोन मोठी वळणं होती, दोन्ही मिळून दहा किलोमीटरची फेरी व्हायची. आत्ताचं काँक्रीट १९५५ चं. झाडीतून बाहेर पडलं की अचानक समोर ती भिंत उभी राहते. रस्ता म्हणवत नाही. फोटोंत तिचा उतार अजिबात कळत नाही. लोक हातापायांवर वर चढून फोटो काढत होते. मीही गेलो, निम्म्यावर सँडल सटकली आणि गुडघा खरचटून घेत खाली आलो. सईने बाटलीतलं पाणी ओतलं, एका अनोळखी बाईने पर्समधून पट्टी दिली. यावरून गाड्या तीनशेच्या आसपास जायच्या म्हणे. १९६१ नंतर फॉर्म्युला वनची शर्यत यावरून झाली नाही. त्या वर्षी पाराबोलिका वळणाच्या अलीकडे फॉन ट्रिप्सची फेरारी प्रेक्षकांत घुसली. तो गेला आणि पंधरा प्रेक्षक गेले. अपघात या भिंतीवर झाला नव्हता, पण दोष तिच्याही माथी आला. आता काँक्रीटच्या सांध्यांतून गवत आलंय. थोड्या वेळाने आम्ही मुकाट परत फिरलो.

चार वाजता पात्रता फेरी, उद्या कोण कितव्या जागेवरून निघणार ते ठरवणारी. शेवटच्या मिनिटात लक्लेरने १ मिनिट २०.१६१ सेकंद लावले. ५.७९३ किलोमीटरची फेरी, म्हणजे सरासरी ताशी २६० किलोमीटर, वळणं धरून. वेळ पडद्यावर यायच्या आधीच डावीकडच्या झाडीतून आरडाओरडा सुरू झाला आणि लाटेसारखा आमच्यापर्यंत आला. आजोबा शिडीवर उभे राहिले. मी खालून शिडी धरून ठेवली, उगाच काही व्हायला नको.

मग सुरू झाला घोळ. वीसपैकी नऊ ड्रायव्हरना शिक्षा. वर्षाला इंजिनचे ठरावीकच भाग वापरायची परवानगी असते, त्याहून जास्त वापरले की मागच्या रांगेत जायचं. मोंझाला पुढे घुसणं त्यातल्या त्यात सोपं, म्हणून बऱ्याच जणांनी शिक्षा इथेच भोगून टाकायची ठरवली. दुसरा आलेला व्हर्स्टॅपन सातवा, तिसरा आलेला साइन्झ अठरावा, हॅमिल्टन एकोणिसावा. कोण कुठून निघणार याची बेरीज-वजाबाकी गाडीत, स्टेशनवर, पिझ्झाच्या दुकानात चालू. आमच्या शेजारच्या टेबलावर एकाने कागदाच्या रुमालावर अख्खी यादी लिहिली, ती चुकली, दुसरा रुमाल घेतला. तेराव्या वेळेचा डी व्ह्रीस मात्र काही न करता आठवा झाला.

रविवार, ११ सप्टेंबर

पहाटे साडेपाचला उठलो. थालीपिठं, शेंगदाण्याची चटणी, चार बाटल्या पाणी. आजोबा आमच्या आधी हजर, आणि आमची जागा त्यांनी रिकाम्या खोक्याने अडवून ठेवलेली.

सकाळी फॉर्म्युला टूची मोठी शर्यत. तिथे आमचं खास लक्ष होतं, कारण मुंबईचा जेहान दारूवाला. गेल्या वर्षी त्याने इथेच छोटी शर्यत जिंकली होती. यंदा तो इटलीच्याच संघात, आणि संघाचं नाव प्रेमा. शेवटच्या फेऱ्यांत भोंग्यावरचा माणूस सारखा "दारूवाला, दारूवाला" ओरडायला लागला तशी सई हसून लोळायला लागली. आजोबांनी विचारलं, काय झालं? आता पारशी आडनावं धंद्यावरून कशी पडली हे इटालियनमध्ये कोण समजावणार. प्रेमाकडून दारूवाला जिंकला, हे वाक्य आमच्या कॅन्टीनमध्ये उच्चारलं तर शर्यतीचं कुणी विचारणार नाही, पुढची स्टोरी विचारतील.

पण तो जिंकलाच. आणि थोड्या वेळाने भोंग्यावर 'जन गण मन' सुरू झालं. पोडियम, म्हणजे विजेत्यांचा मंच, आमच्यापासून खूप लांब, मध्ये अख्खं जंगल. आवाज एका भोंग्यातून आधी, दुसऱ्यातून मागाहून, असा फाटून येत होता. आम्ही दोघं उभे राहिलो, हातात थालीपीठ. आसपासचे बसलेले लोक आमच्याकडे बघायला लागले. आजोबा शिडीवरून उतरले, टोपी काढली आणि सरळ उभे राहिले. मग संघ इटलीचा म्हणून त्यांचं राष्ट्रगीत लागलं आणि सगळी झाडी गायला लागली. मला शब्द येत नव्हते, मी नुसता उभा होतो. सई म्हणते माझे डोळे भरले होते. ऊन होतं.

दुपारी हवाई दलाची विमानं हिरवा-पांढरा-लाल धूर सोडत डोक्यावरून गेली. तीन वाजता तिकडे दिवे विझले. आम्हाला कळलं ते आवाजावरून. इकडे काहीच नाही, मग अर्ध्या मिनिटाने झाडांमागून गडगडाट आणि सगळ्यात पुढे लाल गाडी. फेरारीने यंदा गाडीला पिवळा रंगही दिलेला, ड्रायव्हरांचे कपडे तर पूर्ण पिवळे, मोदेना गावाचा रंग म्हणून. आमच्या पट्ट्यात सगळे एकदम ओरडले. घाटात बारी सुटताना 'भिर्रर्र' होतं ना, तसं, फक्त भंडारा नाही.

दोन फेऱ्या आनंदात गेल्या. पाचव्या फेरीला लक्लेरच्या मागे व्हर्स्टॅपन. सातव्या जागेवरून! माझ्याच वळणावरून तो पाच वेळा गेला, पण त्याने एकालाही मागे टाकलेलं मी पाहिलं नाही. तो यायचा तेव्हा आधीच पुढे सरकलेला असायचा. एका वळणावरून शर्यत बघणं म्हणजे एक पान सोडून एक पान वाचणं.

बाराव्या फेरीला व्हेटेलची गाडी बंद पडली, व्हर्च्युअल सेफ्टी कार लागली (म्हणजे सगळ्यांनी वेग कमी ठेवायचा) आणि फेरारीने लक्लेरला टायर बदलायला आत घेतलं. आजोबांनी कपाळावर हात मारला. व्हर्स्टॅपन पंचविसाव्या फेरीपर्यंत टायर न बदलता तसाच गेला. मग लक्लेर पुन्हा एकदा आत, तेहतिसाव्या फेरीला. तिथून पुढे मी मनगटावरच्या घड्याळावर अंतर मोजायला लागलो, व्हर्स्टॅपनची निळी गाडी गेली की बटण, लक्लेरची लाल गेली की बटण. अंतर कमी होत होतं, पण आंब्याच्या झाडाला मोहर येण्याच्या वेगाने.

सहा-सात फेऱ्या उरल्या होत्या. दोन लेस्मोंच्या मध्ये, आमच्या समोर जरा उजवीकडे, एक नारिंगी गाडी हळू झाली, कडेला आली आणि थांबली. मॅक्लारेन. रिकार्डो, म्हणजे गेल्या वर्षी हीच शर्यत जिंकलेला माणूस. तो उतरला. मार्शल धावत आले, चौघांनी गाडीला हात लावला, ढकलली. गाडी हलेना. पुन्हा ढकलली. मागची चाकं जाम.

"गिअरमध्ये आहे," मी म्हणालो.

"काय?"

"न्यूट्रल होत नाहीये गं. गिअरमध्ये अडकलीय. अशी ढकलून जाणार नाही ती, उचलावी लागेल."

सईने ते आजोबांना सांगितलं, आजोबांनी खालच्या सगळ्यांना. पाच मिनिटांसाठी मी लेस्मोचा तज्ज्ञ झालो. (रात्री बातम्यांत तेच आलं. गाडी न्यूट्रलमध्ये जाईना, म्हणून उशीर झाला.) सेफ्टी कार आली, जिच्या पुढे कुणी जायचं नसतं. तिच्यामागे गाड्या मुंगीच्या पावलांनी जायला लागल्या. पहिल्या फेरीला लोक खूश, कारण आता लक्लेर व्हर्स्टॅपनला चिकटणार आणि शेवटी एक तरी फेरी मोकळी मिळणार. दुसऱ्या फेरीला गप्प. तिसऱ्या फेरीला शिट्ट्या. क्रेन गाडी उचलत होती, रांग लागायला वेळ जात होता, फेऱ्या संपत होत्या. आजोबा एकेक बोट मिटत होते. शेवटचं बोट मिटलं आणि शर्यत सेफ्टी कारच्या मागेच संपली. व्हर्स्टॅपन पहिला, लक्लेर दुसरा, रसेल तिसरा. डी व्ह्रीस नववा! बदली कामगाराने पहिल्याच दिवशी दोन गुण घेतले.

पोडियमवरच्या शिट्ट्या भोंग्यातून आमच्यापर्यंत येत होत्या. जिंकणाऱ्यावर शिट्ट्या मारणं मला पटलं नाही. त्याने काही केलं नव्हतं, तो सातव्यावरून आला होता. पण आजोबांना हे सांगायची ती वेळ नव्हती. त्यांनी शिडी मिटली, माझ्या हातात राहिलेलं सलामीचं पाकीट कोंबलं, मी शाकाहारी आहे हे विसरून, आणि "पुढच्या वर्षी" एवढंच म्हणाले. ते मला सईशिवाय कळलं.

मग जाळीतली फाटकं उघडली आणि लोक ट्रॅकवर उतरले. सगळे पोडियमकडे पळत होते, आम्ही उलटे लेस्मोकडे चालत गेलो. टीव्हीवर सपाट दिसणारं वळण पायाखाली चांगलं तिरकं आहे. डांबर गुळगुळीत नाही, खसखशीसारखं खरबरीत. जिथून गाड्या जातात तिथे रबर बसून काळा, चिकट पट्टा तयार झालाय, चपला चिकटतात. त्याच्या बाहेर टायरचे तुकडे पडलेले, करंगळीएवढे, शेवयांसारखे वळलेले. मी वाकून एक उचलला. अजून मऊ होता. जिथे मॅक्लारेन उभी होती तिथे ऑइलचा डाग दिसतोय का पाहिलं. एक थेंब नव्हता.

सोमवार, १२ सप्टेंबर

सईचं कॉलेज, माझं विमान. स्टेशनवर तिने विचारलं, "पैसे वसूल झाले का?" मी म्हणालो, त्रेपन्न फेऱ्या, प्रत्येकी चार सेकंद, म्हणजे साडेतीन मिनिटांची शर्यत पाहिली. "त्यात दोन राष्ट्रगीतं धर," ती म्हणाली.

बुधवार, १४ सप्टेंबर, चाकण

पहिली पाळी. रबराचा तुकडा खिशातच राहिला होता. तो काढून सरफेस प्लेटवर ठेवला आणि व्हर्नियर लावला, सवयीने. लांबी एकतीस मिलिमीटर, पण रबर दाबलं की आकडा बदलतो, तेव्हा त्याला अर्थ नाही. तेवढ्यात नवीन ॲप्रेंटिस पोरगा आला, तुकडा उचलून त्याने वास घेतला.

"काका, हे कुठल्या मशीनचं सील गेलं?"